फेडोराची व्युत्पत्ती

माझ्या व्याह्यांइतके मोठे डोके असलेला दुसरा गृहस्थ सबंध रायगड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि हे विधान मी अलंकारिक अर्थाने करीत नाही. त्यांच्या बुद्धीचा विस्तार हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर आमच्या विहीणबाईंची मते ठाम आहेत आणि ती त्या न विचारताही सांगतात. मी केवळ घेराविषयी बोलतो आहे. कपाळावरून निघालेली सुतळी कानांच्या वरून, मागच्या उंचवट्याला वळसा घालून पुन्हा कपाळावर आली, की ती पंचवीस इंच भरते. रोह्याचा न्हावी त्यांना दारात पाहिले की आधी एक चहा पिऊन घेतो. त्यांच्या दुचाकीला हेल्मेट असते, पण ते आरशाला टांगलेले. एकदा नाक्यावर एका तरुण हवालदाराने त्यांना अडवले. व्याह्यांनी शांतपणे गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, "तुम्हीच घाला साहेब. बसलं तर दुप्पट पावती फाडा." हवालदाराने ते पुढून घालून पाहिले, मागून घालून पाहिले, व्याह्यांचे कान दुमडून पाहिले. अखेर त्यानेच हेल्मेट पुन्हा आरशाला अडकवले आणि "काका, हळू जा," एवढाच कायदा सांगितला.

धाटावच्या एका कंपनीत तेहतीस वर्षे त्यांनी बॉयलर सांभाळला. कंपनीतून ते निवृत्त झाले त्याला दहा वर्षे झाली, परंतु बॉयलर त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्यांचा दिवस अद्याप तीन पाळ्यांत विभागलेला आहे: सकाळचा चहा फर्स्ट शिफ्टचा, दुपारची झोप सेकंडची, आणि थर्ड शिफ्टला आपण केवळ अंथरुणावर हजेरी लावतो असे ते सांगतात. विहीणबाईंचा राग ते बॉयलरच्या वाफेसारखा पौंडांत मोजतात. मी रोह्याला गेलो आणि ते दाराशीच भेटले, तर हलक्या आवाजात इशारा मिळतो, "व्याहीबुवा, आज काटा साठावर हाय. चहा मागू नका, मिळाला तर घ्या." माझे आयुष्य पेणच्या शाळेत मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात गेले, वाफेशी माझा संबंध चहापुरता. पण बेचाळीस वर्षांच्या संसाराचे रहस्य मी त्यांना एकदा विचारले, तेव्हा त्यांनी ते एका वाक्यात उलगडले. "सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा ठेवायचा. म्हणजे त्यांनी बोलायचं, आपण नाय."

अशा या गृहस्थांच्या मनात उमेदीच्या वयापासून एक टोपी होती. ते कंपनीत नवे असताना बॉयलर तपासायला मुंबईहून एक वृद्ध पारशी इन्स्पेक्टर येत असत. त्यांच्या डोक्यावर तपकिरी फेल्टची साहेबी टोपी असे: माथ्यावर लांबट खळगा, पुढे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्यासाठी दाबलेली जागा, भोवती काळी फीत आणि किंचित खाली झुकलेला काठ. फेल्ट म्हणजे लोकर न विणता, वाफेवर दाबून दाबून केलेले जाड कापड. आपल्याकडे त्यालाच नमदा म्हणत. इन्स्पेक्टर बॉयलरजवळ येत, दोन बोटांच्या चिमटीत टोपी उचलून काढीत, आणि मग छोट्या हातोडीने पत्र्यावर टकटक करून कान लावून ऐकत. "मॅनेजरसमोर त्या माणसानं टोपी कधी काढली नाय," व्याही सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज आजही खाली येतो. "बॉयलरसमोर काढली." तशी टोपी तेव्हा त्यांच्या आवाक्यात येणारी नव्हती, आणि आवाक्यात आली असती तरी डोक्यावर आली नसती.

आता मला माझ्या अपराधाकडे वळले पाहिजे. माझ्या मुलीचे, सुमेधाचे लग्न त्यांच्या मुलाशी ठरले, तेव्हा वधूपिता म्हणून व्याह्यांना टोपी-उपरणे देण्याचा मान माझा होता. मी सगळे यथासांग केले. उपरणे जरीकाठी घेतले, नारळ सोललेला पाहून घेतला, सुपारीसुद्धा पारखून घेतली. टोपी मात्र पेणच्या दुकानात स्वतःच्या डोक्यावर घालून घेतली. मांडवात, दोन्हीकडच्या दीडदोनशे माणसांसमोर, मी ती काळी टोपी व्याह्यांच्या मस्तकी ठेवली आणि हात काढला. ती बसली नाही. ती त्यांच्या माथ्यावर उभी राहिली, डोंगरावर देऊळ दिसते तशी. मागच्या रांगेत कोणीतरी हसले, मग पुढची रांगही हसली. दुसरा कोणी असता तर टोपी हातात घेऊन थट्टेवारी नेली असती. व्याह्यांनी ती काढली नाही. मुलीची पाठवणी होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा तास, त्यांनी मान हलवली नाही. पंगतीत ते ताट न पाहता जेवले. मठ्ठा समजून त्यांनी खीर भुरकली आणि तिची स्तुती केली. कोणी हाक मारली तर ते सबंध अंगासह वळत. त्या टोपीविषयी त्या दिवशी नाही आणि पुढे बारा वर्षांत नाही, एक अक्षर त्यांच्या तोंडून निघाले नाही. याचेच मला ओझे झाले. त्यांनी टोमणा मारला असता तर मी सुटलो असतो.

त्यानंतर त्यांना मी कधी टोपी घातलेले पाहिले नाही. देवासमोर उघड्या डोक्याने उभे राहू नये ही आमच्या दोन्ही घरांची रीत असल्याने आरतीच्या वेळी ते डोक्यावर हातरुमाल टाकीत. तो दर कडव्याला घसरे आणि ते टाळ्यांमधून एक हात काढून तो सावरीत, त्यामुळे त्यांची टाळी नेहमी अर्धी पडे. माझी पत्नी हे पाही आणि घरी परतताना मला म्हणे, "एकदा त्यांना नीट बसेल अशी टोपी द्या हो तुमच्या हातानं." मी प्रयत्न केले. पेण, रोहा, अलिबाग, जिथे दुकान दिसले तिथे शिरलो. एका शिंप्याकडून खास शिवून घेतली, ती इतकी ऐसपैस आणि लुळी झाली की पत्नीने तीत पुढे कडधान्ये ठेवली. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. शेवटच्या आजारात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी थोड्या होत्या, आणि त्यांत ही एक होती.

यंदा व्याह्यांना सत्तरावे वर्ष लागले आणि सुमेधाने सासऱ्यांची शांत करायचे ठरवले. व्याही तिला "प्रेशर टेस्ट" म्हणू लागले. "सत्तर वर्षांची टाकी हाय, एकदा तपासून घ्यावी." शांतीत व्याह्यांचा अहेर माझ्या हातून व्हायचा होता. मला पुन्हा संधी मिळत होती आणि माझ्या वयाकडे पाहता ती शेवटचीच म्हणायची. मी नव्याने दुकाने हिंडू लागलो. अशात एका सकाळी रोह्याहून फोन आला.

"व्याहीबुवा, शास्त्रातलं एक विचारायचं हाय. लोकर सोवळ्यात चालते का?"

शास्त्र विचारणारा मनुष्य आजकाल दुर्मिळ झाला आहे. मी पूजा आटोपून प्रसन्न बसलो होतो. मी त्यांना विस्ताराने सांगितले, की रेशीम आणि लोकर यांना सुती वस्त्रासारखा स्पर्शदोष लागत नाही. म्हणूनच पूर्वी सोवळ्याच्या स्वयंपाकाला बायका लोकरीची धाबळी नेसत. लोकर धुतलेली नसली तरी शुद्धच मानली आहे. ते मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत होते. "म्हणजे लोकर स्वयंपाकघरात आली तर हरकत नाय." "मुळीच नाही." "चुलीजवळ?" "धाबळी चुलीजवळच असे." "भांड्याला लागली तर?" मी म्हटले, "लोकरीने भांडे विटाळत नाही." ते म्हणाले, "हे जरा तुमच्या विहीणबाईंना सांगा," आणि फोन त्यांच्या हाती दिला. मी सबंध प्रकरण पुन्हा सांगितले. मग विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून," आणि फोन बंद झाला. यात काही काळेबेरे असेल अशी शंका मला आली नाही. विद्यार्थ्याने नीट प्रश्न विचारला की शिक्षकाला त्याचा हेतू तपासावासा वाटत नाही.

दोन दिवसांनी रोह्याहून कोणा येणाऱ्याबरोबर एक सुतळीचा तुकडा आला आणि पाठोपाठ निरोप: शांतीच्या यादीत कोहळा आहे, वाटेत गडब गावाला रस्त्याच्या कडेला चांगले मिळतात, येताना एक आणावा, मात्र त्याचा घेर बरोबर या सुतळीएवढा हवा, आणि जमल्यास सूतभर जास्त. मी मनाशी म्हटले, बलिदानाच्या कोहळ्याला माप सांगणारा ग्रंथ माझ्या वाचनात नाही. पण भटजींची परंपरा वेगळी असू शकते. परंपरेचा मान राखावा म्हणून मी पुढच्या आठवड्यात गडबला एसटीतून उतरलो आणि एका टपरीपुढे मांडलेल्या कोहळ्यांना एकेक करून सुतळी गुंडाळू लागलो. तिसऱ्या कोहळ्यापर्यंत टपरीवालीने नुसते पाहून घेतले. चौथ्याला तिने विचारले, "काका, कोहला घ्यायचा हाय का सून बघायची हाय?"

"माप जुळले पाहिजे," मी म्हटले.

"जुळल गो बाय, याचा जुळल," ती शेजारच्या टपरीवालीला म्हणाली. "पत्रिका पण आनली असल."

सातवा कोहळा जुळला. तो वाटोळा नव्हता, थोडा लांबट होता. तो मांडीवर घेऊन, त्याची पांढरी भुकटी धोतराला लावून घेत, मी रोह्याला पोचलो.

दार उघडेच होते. स्वयंपाकघरातून वाफेचा वास येत होता, पण तो अन्नाचा नव्हता. पावसात भिजलेल्या घोंगडीचा होता. मी आत डोकावलो. गॅसवर विहीणबाईंचे पितळी मोदकपात्र चढलेले होते, झाकण बाजूला ठेवले होते, आणि मोदकांच्या जागी, वाफेच्या ढगात, एक तपकिरी साहेबी टोपी बसली होती. व्याही चष्म्यावरची वाफ पुशीत तिच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की मी क्षणभर बाहेरच थांबलो. विहीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. काटा ऐंशीच्या खाली नसावा.

"या," त्या म्हणाल्या. "तुमच्या निर्णयाला उकड काढतायत."

मग सारे उलगडले. टोपी सुमेधाने मोबाइलवरून मागवली होती, मिळाले ते मोठ्यात मोठे माप, दोन जोडी चपलांच्या किमतीत. ती खोक्यात चेपून पापडासारखी आली आणि तरीही व्याह्यांच्या मापाला अर्धा इंच कमीच होती. पण फेल्ट वाफेवर मऊ होते आणि मऊ असताना ओढले की तसेच राहते, हे जाणण्यासाठी तेहतीस वर्षे वाफेत काढलेला मनुष्य योग्यच होता. पहिला प्रयोग त्यांनी प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागेवर केला. कुकरमध्ये डाळ होती हे त्यांनी विचारात घेतले नव्हते. काठाच्या खालच्या बाजूला वरणाचा एक डाग अजून आहे. तो कोणाला दिसत नाही, पण विहीणबाई तो दाखवतात. "जोराची वाफ कामाची नाय," व्याह्यांनी मला समजावले. "सौम्य पायजे, रुंद पायजे. मोदकासारखी. पण ह्या मोदकपात्र देईनात. म्हणून तुम्हाला विचारलं." पाऊण तास शास्त्र सांगून मी काय केले होते ते आता मला कळले. टोपी त्यांना यायची होती, आणि घातली मात्र मला गेली होती.

मी आणलेला कोहळा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, त्यावर पंचा टाकला, वाफाळलेली टोपी त्याच्यावर ओढली आणि सुतळीने करकचून बांधली. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पूजेचा कोहळा तो." "पूजेला पंधरा दिवस हायत गो. तवर नुसता बसून काय करणार तो?" मग त्यांनी हाताच्या कडेने माथ्यावर हळूच खळगा पाडला, दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी दाबून चिमटीची जागा केली, चार पावले मागे गेले, पुन्हा आले, आणखी केसभर दाबले. इतक्या हलक्या हाताने काम करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मातीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना आमच्या पेणचे कारागीर असा श्वास धरतात.

"महागातली असते ती सशाच्या केसांची," ते टोपीवरची नजर न काढता म्हणाले. "ही स्वस्तातली. म्हणून लोकर. म्हणून सोवळ्यात. महाग घेतली असती तर विटाळ झाला असता."

"आणि नाव काय म्हणे, फेडोरा," विहीणबाई म्हणाल्या. "काय फेडायचं राहिलंय यांचं, देव जाणे."

व्याह्यांना ही कल्पना फार आवडली. ते माझ्याकडे वळले. "व्याहीबुवा, बरोबर हाय का? नवस फेडतात, उपकार फेडतात. फेडायची ती फेडोरा." मी त्यांना सांगितले, की शब्द परदेशी आहे, आपल्या धातूंशी त्याचा काही संबंध नाही, आणि नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती करणे ही विद्यार्थिदशेतली चूक आहे. ते म्हणाले, "असंल." ते असे म्हणतात तेव्हा त्यांचे मत बदललेले नसते.

मी हसत होतो, पण खरे सांगायचे तर ते वरवरचे होते. ज्या एका गोष्टीसाठी मी बारा वर्षे दुकाने धुंडाळली ती या घरात कोहळ्याच्या डोक्यावर वाळत बसली होती. व्याह्यांना नीट बसणारी टोपी मिळाली, आणि ती माझ्या हातून मिळाली नाही. पत्नीने मागितलेली गोष्ट आता कोणीच देऊ शकणार नव्हते, कारण ती देऊन झाली होती. मला राग आला नाही; राग कोणावर यावा? मी चहा घेतला आणि कोहळ्याकडे पाठ करून बसलो. व्याही एकदा माझ्याकडे आणि एकदा टोपीकडे पाहत होते, बॉयलरच्या दोन काट्यांकडे पाहावे तसे.

शांतीच्या आठवडाभर आधी तयारी पाहायला मी पुन्हा रोह्याला गेलो. परतताना ते मला एसटी स्टँडवर सोडायला आले. मी पेणच्या गाडीत चढणार, एवढ्यात त्यांनी काखेतली पिशवी माझ्या हातात दिली. तीत पुठ्ठ्याचा खोका होता, आणि खोक्यात तीच टोपी.

"ही पेणला न्या," ते म्हणाले. "शांतीला येताना आणा. अहेरात हीच द्या."

"अहो, ही तुमची आहे."

"अजून डोक्यावर घातली नाय. मापाला एकदा टेकवली. घातली ती कोहळ्यानं." मग ते रस्त्याकडे पाहत बोलले. "लग्नात विहीणबाई मांडवात माझ्याजवळ आल्या होत्या. तुमच्या मंडळी. मला हळूच म्हणाल्या, पुढल्या वेळेला नीट बसेल अशी देऊ. म्हणून मधे दुसरी घेतली नाय. आरतीला रुमाल घेतला. तुम्हाला मापाची मिळायची नाय ते मला ठाऊक होतं, म्हणून शोधून, ओढून तयार करून ठेवली. द्यायची तुम्हीच."

तिने त्यांना शब्द दिला होता हे मला माहीत नव्हते. ती मला एवढेच म्हणत असे, की टोपी द्या.

अशा वेळी मला सुचते तेच मी बोललो, म्हणजे शास्त्र. मी म्हटले, की जी वस्तू आपली नाही ती दान करता येत नाही. आधी तिच्यावर आपले स्वत्व हवे, मगच ते सोडता येते. तुमचीच टोपी तुम्हाला दिली तर ते दान होत नाही. व्याह्यांनी हे नीट ऐकून घेतले. "मग आधी मी तुम्हाला देतो. कशी द्यायची?" मी म्हटले, "हातावर पाणी सोडून 'न मम' म्हणायचे." "म्हणजे?" "माझी नाही." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, कंडक्टर घंटी मारीत असताना स्टँडच्या फरशीवर ओंजळीतून पाणी सोडले, आणि खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाय माझी."

मंत्रात फरक झाला होता. मी तो दुरुस्त केला नाही.

शांत यथासांग झाली. अहेराच्या वेळी मी उठलो, उपरणे त्यांच्या खांद्यावर घातले आणि खोका उघडला. पूजेला बसलेल्या मंडळींत कुजबुज झाली. भटजींनी आधी टोपीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "लोकर आहे," मी म्हटले. ते म्हणाले, "मग हरकत नाही." मी टोपी दोन्ही हातांनी व्याह्यांच्या मस्तकी ठेवली. हात लगेच काढण्याचे धैर्य मला झाले नाही. मग काढला. ती बसली होती. कपाळावर सरळ, कानांच्या किंचित वर, मागे बोट शिरणार नाही अशी. कोणी हसले नाही. व्याह्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खाली वाकून भटजींना नमस्कार केला, आणि टोपी जागची हलली नाही. त्या दिवशी पंगतीत ते ताटाकडे पाहून जेवले. बलिदानाचा कोहळा भटजींनी हातात घेऊन "छान घेराचा आहे" असे म्हटले. त्याच्या पांढऱ्या भुकटीवर मध्यभागी गोल पट्टी उमटली होती, रोज टोपी घालणाऱ्यांच्या कपाळावर उमटते तशी. पण ती कशाची, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

आता ती टोपी रोह्यात सर्वांच्या ओळखीची झाली आहे, आणि तिच्यासाठी व्याह्यांनी एक आचारसंहिता तयार केली आहे. साहेब लोक आदर दाखवायला टोपी काढतात, आपण आदर दाखवायला डोके झाकतो; या दोन्हींचा मेळ त्यांनी असा घातला, की देवासमोर टोपी घालायची आणि माणसासमोर काढायची. देवळाच्या पायरीवर ती डोक्यावर जाते, आणि देवळातून बाहेर पडताना पुजारी समोर आले की चिमटीने उचलली जाते. कंडक्टरसमोर ती निघते, न्हाव्यासमोर निघते, गडबच्या त्या कोहळेवालीसमोरही एकदा निघाली. "काका, नवरा हाय का वरबाप?" असे तिने विचारल्याचे ते सांगतात. ज्या हवालदाराने त्यांना हेल्मेट घालून पाहिले होते तो आता लांबूनच सलाम करतो, कारण त्याला वाटते हे कोणी मोठे अधिकारी असावेत.

मागच्या महिन्यात ते पेणला माझ्याकडे आले. टोपी डोक्यावर होती. उंबऱ्यात मला पाहिल्यावर ती रीतसर निघाली आणि पुन्हा चढली. मग ते आत आले. माझ्या पुढच्या खोलीत देव्हारा आहे, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर माझ्या पत्नीची तसबीर आहे. व्याह्यांनी देवाला नमस्कार केला तो टोपी घालून केला. मग ते तसबिरीकडे वळले. उजवा हात वर गेला, अंगठा आणि तर्जनी त्यांनीच दाबून केलेल्या जागी बसली, टोपी उचलली गेली, आणि तिथेच थांबली.

"व्याहीबुवा," ते मागे न वळता म्हणाले, "विहीणबाईंना आता कशात धरायचं? देवांत का माणसांत?"

लोकर शुद्ध का, हे मी त्यांना पाऊण तास सांगितले होते. दान कशाला म्हणावे हे सुटत्या गाडीच्या घाईत सांगितले होते. या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. टोपी बराच वेळ त्यांच्या डोक्यापासून बोटभर वर होती.